लवूमामाची फुंकर

घाटकोपर,
होळीच्या आधीचा रविवार, १९८६

तीर्थरूप लवूमामांना अनुपमाचा वाकून नमस्कार. (टपालातून जेवढं वाकता येतं तेवढं वाकले आहे, उरलेलं भेटीत.)

तुमचं पत्र आणि आमसुलांची पिशवी दोन्ही पोचली. पिशवी एसटीत कुणाच्या तरी सुक्या जवळ्याला टेकून आली असावी, त्यामुळे आमचं सार सध्या शाकाहारी म्हणावं की नाही हे ठरत नाही, पण चवीला झकास होतं. मंजुळामामीच्या गुडघ्यांना नवं तेल लागू पडलं का? तुमचा खोकला कसा आहे? तुम्ही लिहिलंत की खोकला गेला, पण त्याच ओळीत शाईचा मोठा डाग आहे, आणि तो खोकतानाच पडला असं आईचं ठाम मत आहे. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आई थोडी भरली आहे. (काट्यावर बघून लिहीत नाही, तिची पोलकी उसवताना बघून लिहिते.) माझं टेलिफोन एक्स्चेंजचं काम आहे तसंच आहे. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांची एकमेकांशी गाठ घालून देते आणि घरी येऊन हातांनी बोलते.

तुम्ही विचारलंत की शिमग्याला आईला गावी कधी पाठवतेस, आणि पाठवशील ती कायमचीच पाठव. बाबा गेल्यापासून ती त्या खोलीत दिवसभर भिंतीकडे बघत बसते, भावाचं घर असताना असं का? मामा, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी ह्याच पत्रात देणार आहे. फक्त त्याआधी थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर उत्तर एकदम अंगावर आल्यासारखं होईल. तुम्ही खुर्चीत बसून वाचताय ना? झोपाळ्यावर असाल तर खुर्चीत या.

सुरुवात कुंदाने केली. कुंदा म्हणजे एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते ती. तिचे वडील मुलुंडला ‘निवांत’ नावाच्या वृद्धाश्रमात असतात. (वृद्धाश्रम हा शब्द वाचून पत्र खाली ठेवू नका. कुंदाच्या वडिलांबद्दल लिहितेय.) तिथे दोन बहिरी माणसं आहेत. एक धर्माकाका, माहुलचे कोळी, सगळा जन्म होडीत गेलेला. ते बोलायला लागले की आजूबाजूच्यांनी आपापले चहाचे कप उचलून घ्यायचे, कारण त्यांचे हात वल्ह्यासारखे फिरतात. दुसऱ्या सुंदराबाई, वाकोल्याच्या, एका छापखान्यात पुस्तकं बांधायच्या. त्यांच्या खुणा बारीक आणि भराभर, कागदाला घडी घातल्यासारख्या. दोघांच्या खुणा निरनिराळ्या, तरी तिथे आल्यावर दोघांनी मिळून आपलं एक बोलणं बसवलं आहे. बाकी कुणालाच ते कळत नाही. सुंदराबाईंच्या गादीचा काथ्या वर येऊन कंबरेला टोचत होता, म्हणून त्यांनी डॉक्टरांना कंबर दाखवली, तर त्यांना पाचक चूर्ण सुरू झालं. त्यांनी आणखी जोराने कंबर दाखवली, तर चूर्ण दुप्पट झालं. हे ऐकून कुंदाने तिथे सांगून टाकलं की आमच्या एक्स्चेंजमधली एक मुलगी आहे, तिची आई बहिरी आहे, ती दर रविवारी येईल. मला हे सोमवारी कळलं.

मला रात्रभर झोप नाही. माझं शिक्षण काय, तर तुम्ही आणि आईने लहानपणी वहाळाच्या काठी बसून ज्या खुणा तयार केल्यात, त्या मला घरात मिळाल्या. त्या गावठी खुणांवर मुंबईतल्या दोन म्हाताऱ्या माणसांची दुखणी तोलायची म्हणजे जोखीमच. पण आई म्हणाली जा, म्हणून गेले.

आमच्या घरचे दोन नियम तुम्हाला ठाऊक आहेत, तरी पुन्हा लिहिते, कारण पुढची सगळी गडबड त्यांच्यामुळे झाली. पहिला नियम असा की ‘काही नाही’ म्हणायचं नाही. चार माणसं हसली आणि आईने काय झालं असं विचारलं, तर ‘काही नाही, नंतर सांगतो’ असं उत्तर देणाऱ्याला आमच्याकडे जेवण मिळत नसे. एकदा बाबांनाही मिळालं नव्हतं. जे बोललं गेलं ते सगळं सांगायचं. वरून मीठ घालायचं नाही आणि तळचा गाळ टाकायचा नाही. दुसरा नियम, आईच्या वतीने बोलताना ‘आई म्हणते’ असं म्हणायचं नाही, सरळ ‘मी’ म्हणायचं. ‘आई म्हणते’ म्हटलं की समोरचा आईकडे बघायचं सोडून माझ्याशीच बोलायला लागतो. म्हणून तर सहा वर्षांची असताना मी भाजीवाल्याला, ‘मी चाळिशी उलटलेली बाई आहे, मला किडकं वांगं कळत नाही?’ असं ठणकावलं होतं, आणि त्या बिचाऱ्याने घाबरून मूठभर कोथिंबीर वर घातली होती.

पहिल्याच रविवारी डॉक्टर आले. सुंदराबाईंनी मला कळेपर्यंत सावकाश, पुन्हा पुन्हा गादीचं सांगितलं, मी म्हटलं, ‘डॉक्टर, माझ्या गादीचा काथ्या मला टोचतो.’ ते म्हणाले, ‘तुमच्या गादीचं मला काय सांगता बाई, पेशंटचं सांगा.’ मी म्हटलं, ‘मीच पेशंट आहे.’ त्यांनी माझी नाडी बघितली. मग व्यवस्थापकांच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाले की वयोमानाने ह्यांना भास होतात, फार मनावर घेऊ नका. आता हळू बोललेलं सांगायचं की नाही, ह्याचा आपल्या नियमात खुलासा नाही. मी क्षणभर घोटाळले आणि सांगून टाकलं. त्यावर सुंदराबाईंचं जे उत्तर आलं ते मी जसंच्या तसं म्हटलं, ‘मी तुमच्याहून लहानच असेन. मी फक्त केसांना कलप लावत नाही.’ डॉक्टरांनी आधी माझ्या वेणीकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या आरशाकडे. गादी बदलली गेली, चूर्ण बंद झालं; पण मला बघितलं की डॉक्टर अजून विचारतात, ‘तुम्हाला बरं आहे ना?’ आणि ते मला विचारतायत की सुंदराबाईंना, हे न कळल्यामुळे मी दोघींच्या वतीने बरं आहे म्हणते.

दुसऱ्या रविवारी मात्र अडले. धर्माकाका दोन मुठी डोळ्यांवर ठेवून पुन:पुन्हा उड्या मारल्यासारखं करत होते. मला बेडूक वाटला. पण वृद्धाश्रमातल्या माणसाला बेडूक कशाला हवा? की ते डॉक्टरांना बेडूक म्हणतायत? अंदाजाने सांगणं म्हणजे मीठ घालणंच, म्हणून मी हात जोडून म्हटलं, ‘कळलं नाही, पुढच्या रविवारी सांगते,’ आणि पुढच्या रविवारी आईला घेऊन गेले. आईने एकदा बघितलं, हसली, आणि चिखलात हात रुतवून मासा पकडल्याची खूण केली. निवट्या, मामा! खाडीच्या चिखलात टुणटुणतात ना, ते. ‘निवांत’मध्ये सगळं शाकाहारी, आणि हा माहुलचा माणूस वर्षभर दुधी खाऊन निवट्यांची स्वप्नं बघत होता. मग आईने निवट्यांचं कालवण कसं करतात ते हातांनी सांगितलं, त्यात त्रिफळं घालावीत की नाही ह्यावरून धर्माकाका भांडले, सुंदराबाईंनी दोघांनाही वेड्यात काढलं, आणि मी मधे दुभाषी म्हणून बसले होते ती बसूनच राहिले. माझी कुणालाच गरज पडली नाही. मामा, बाबा गेल्यानंतर आईचे हात एवढे चाललेले मी बघितले नव्हते. परत येताना बसमध्येही ती एकटीच मनाशी बोटं हलवत होती आणि कंडक्टर तिला पुन्हा पुन्हा सुटे विचारत होता.

तेव्हापासून आई रोज जाते. मी कामावर निघाले की तीही बस पकडते, मुलुंडला उतरते, संध्याकाळी परत. तेव्हा ती दिवसभर भिंतीकडे बघते हे आता खरं राहिलेलं नाही, एवढं तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे देऊन ठेवते. उरलेलं अर्धं पुढे.

आता दिव्याचं प्रकरण. ‘निवांत’चे व्यवस्थापक विद्याधर सामंत हे आयुष्यभर रेशनिंगच्या खात्यात होते. माणूस मनाने चांगला, पण पेटलेला दिवा त्यांना वाहत्या नळासारखा दिसतो. जाता येता बटणं बंद करतात. (बाथरूममध्ये कुणी असलं तरी.) आणि बहिऱ्या माणसाला लांबून हाक कशी मारायची, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्याकडे सारवलेल्या जमिनीवर पाय आपटला की आईला कळायचं. ‘निवांत’ची फरशी इतकी पक्की की पाय आपटून फक्त आपटणाऱ्यालाच कळतं. म्हणून धर्माकाका व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटचं बटण दोनदा दाबायचे. म्हणजे ‘सुंदराबाई, बाहेर या.’ सुंदराबाई आतला दिवा तीनदा दाबायच्या, म्हणजे ‘थांबा, पदर नीट करतेय.’ ट्यूब एकदम पेटत नाही, आधी फडफडते, त्यामुळे हाक जराशी तोतरी जायची, पण जायची.

सामंतसाहेबांनी ही उघडझाप पाहिली आणि त्यांना वाटलं लाइनीत बिघाड आहे. बाळा वायरमनला बोलावणं गेलं. बाळाने बोर्ड उघडला, बघितला, बंद केला, म्हणाला काही नाही. संध्याकाळी पुन्हा फडफड. बाळा पुन्हा आला, स्टार्टर बदलला. पुन्हा फडफड. चोक बदलला. बटण बदललं. (नवं बटण धर्माकाकांना फार आवडलं. त्या दिवशी त्यांनी उगीचच दहा हाका मारल्या.) शेवटी बाळा शिडीवरून उतरून म्हणाला, ‘साहेब, वायरिंगमध्ये काय नाय. तुमच्या घरात कोणतरी आहे.’ सामंतसाहेब घाबरले. भुताला नव्हे, आगीला. त्यांनी व्हरांड्यातली ट्यूबच काढून टाकली आणि फर्मान काढलं की दिवेलागणीनंतर फक्त जेवणघरात दिवा राहील, तोही जेवणापुरता. रविवारी गेल्यावर मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, ‘अस्सं होय! मग तर ट्यूब काढली तेच बरं झालं.’

ह्यात कुणाचं काय गेलं, असं ऐकू येणाऱ्या माणसाला वाटेल. बाकीची मंडळी अंधारात खाटांवर पडल्या पडल्या गप्पा मारतात. कुंदाचे वडील म्हणतात की अंधारात चहाड्या जास्त रंगतात. पण मामा, धर्माकाका आणि सुंदराबाई यांच्यासाठी दिवा गेला म्हणजे जीभ गेली. दिवेलागणीपासून सकाळपर्यंत दोघं आपापल्या खाटेवर गप्प. आणि संध्याकाळ हीच तर त्यांची बोलायची वेळ. दिवसा बाकीची कामं, औषधं, भजनं.

धर्माकाकांनी मग पुतण्याकडून एक विजेरी मागवली. पण विजेरी हातात धरली की बोलायला एकच हात उरतो, आणि एका हाताने बोलणं म्हणजे तोंडात सुपारी धरून बोलणं. म्हणून त्यांनी ती व्हरांड्यातल्या बाकाच्या कडेवर उभी अडकवली. त्यांचं छान चाललं होतं. पण त्या उजेडाने त्यांच्या हातांच्या सावल्या समोरच्या सोसायटीच्या भिंतीवर पडल्या. दोन मजली उंच हात, मामा! तेही धर्माकाकांचे! ते त्या वेळी सुंदराबाईंना वादळात जाळं कसं ओढलं ते सांगत होते. सोसायटीतली पोरं गॅलरीत येऊन टाळ्या वाजवू लागली, एक आजीबाई देवघरात गेल्या त्या बाहेर येईनात, आणि वॉचमनला वाटलं चोर इशारे करतायत. त्याने शिट्टी वाजवली. आणखी जोराने वाजवली. चोर जागचे हललेसुद्धा नाहीत, तेव्हा असले निर्ढावलेले चोर बघून त्याची पाचावर धारण बसली. पाच-सहा गृहस्थ काठ्या आणि क्रिकेटच्या बॅटी घेऊन आले. त्यांना बघून धर्माकाकांना इतका आनंद झाला (संध्याकाळचं कोण येतं हो तिथे!) की त्यांनी उठून बाक पुढे ओढला आणि सगळ्यांना बसायची खूण केली. एकजण बसलाही.

एवढ्यावर भागलं नाही. सामंतसाहेबांची फार शोभा झाली. विजेरी जप्त झाली आणि त्यांनी विश्वस्तांची बैठक बोलावली. मुद्दा असा की ह्या दोघांची इथे नीट सोय होत नाही, तर धर्माकाकांना दुसऱ्या एखाद्या संस्थेत पाठवावं, आणि सुंदराबाईंना आणखी कुठेतरी. दोघांना एकत्र घेईल अशी जागा मिळणं कठीण, असं त्यांनी फार हळहळून सांगितलं. वाईट त्यांनाही वाटत होतं, ते मी बघत होते. पण वाईट वाटून माणूस करायचं ते करतोच. मी ते सगळं दोघांना सांगितलं, एक शब्द न गाळता. सांगताना माझे हात कापत होते, आणि आपल्यासारखाच त्यांच्या खुणांमध्येही कापणाऱ्या हातांचा अर्थ ‘थंडी’ होतो, म्हणून सुंदराबाईंनी आधी मला आपली शाल दिली आणि मग त्या रडल्या.

बैठक दिवेलागणीनंतर जेवणघरात भरली, अध्यक्ष उत्तराताई. त्या भारी करारी बाई आहेत, पण माणसाच्या डोळ्यांत बघून ऐकतात. मी दोघांच्या मधे बसून ‘मी’ ‘मी’ करत बोलत होते. (‘मी माहुलचा कोळी आहे, मला तुमच्या विजेच्या बिलाचं भय घालू नका,’ हे माझ्या तोंडून ऐकून नवे विश्वस्त खुर्ची सरकवून बसले.) तेवढ्यात मागून एक हात वर झाला. आईचा. मामा, तिला कुणी बोलावलं नव्हतं. सामंतसाहेब शेजारच्याला म्हणाले, ‘आता हिच्या आईला इथे कुणी बोलावलं?’ मी नियमाप्रमाणे सांगितलं. आई उभी राहिली, आणि मी बोलू लागले: ‘मला कुणी बोलावलेलं नाही. जे बोलावतात त्यांच्याकडे जाऊन आलेय मी. तिथे चहा मिळतो, लाडू मिळतो, बोलायला कुणी मिळत नाही. सगळे हसतात आणि मला म्हणतात, काही नाही.’

मग तिने गाल फुगवून फुंकर मारली. मामा, ही खूण तुम्ही ओळखलीत. आपल्याकडे ही खूण म्हणजे तुम्ही. मी म्हटलं, ‘माझा थोरला भाऊ लवू.’ आणि मग तिने सगळ्या विश्वस्तांना सांगितलं (माझा नाइलाज होता, मला गाळता येत नाही) की लहानपणी भांडणात तुम्ही हरायला लागलात की कंदिलावर फुंकर घालायचात. अंधार झाला की तिचे हात कुणाला दिसणार? भांडण तिथेच संपायचं आणि तुम्ही जिंकायचात. ‘मी पन्नास वर्षं ते भांडण डोक्यात घेऊन फिरतेय,’ आई म्हणाली. ‘पेरू माझा होता. आता हे साहेब फुंकर घालतायत. घालू देत. पण मग नियम सगळ्यांना सारखा. दिवा गेला की आम्ही बोलू शकत नाही, तर तुम्हीही कुणी बोलायचं नाही. एक तास करून बघा.’

सामंतसाहेब हसले, म्हणाले त्यात काय मोठंसं. उत्तराताई मात्र उठल्या आणि त्यांनी स्वत:च्या हाताने जेवणघरातला दिवा घालवला.

सगळी मंडळी अंधारात बसली. विश्वस्त, सामंतसाहेब, कुंदाचे वडील आणि आणखी कितीतरी म्हातारी माणसं. आधी खूप शांत वाटलं. मग कुणीतरी खाकरलं. मग खुर्ची वाजली. मग सामंतसाहेब म्हणाले, ‘अहो, माझ्या पायावर कुणाचा पाय आहे?’ उत्तराताई म्हणाल्या, ‘बोलायचं नाही.’ ‘अहो पण पाय—’ ‘सामंत, बोलायचं नाही म्हटलं ना.’ ‘मग तुम्ही का बोलताय?’ ‘मी तुम्हाला गप्प करायला बोलतेय.’ कुंदाच्या वडिलांनी विचारलं, ‘कोण हरलं?’ आणि मग सगळं जेवणघर एकदम बोलायला लागलं. तास कसला मामा, आमटीला उकळी येईल एवढाही वेळ गेला नव्हता.

त्या तेवढ्या वेळात मी कुठे होते हे सांगते. मीही अंधारात होते. मला आवाज येत होते, पण ते मी कुणाला सांगू शकत नव्हते, आणि ते तिघं काय म्हणतायत तेही मला दिसत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा आईला आणि मला जोडणारं काहीच नव्हतं. मला खरंच भीती वाटली. तेवढ्यात तिचा हात माझ्या हातावर आला आणि तिने माझ्या तळव्यावर बोटाने टिचकी मारली. लहानपणी दिवे गेले की अशीच मारायची. त्याचा अर्थ ‘इथेच आहे’. तिचा हात गदगदत होता. दिवा लागल्यावर बघते तर ती हसत होती. काय बोलणं चाललंय ते तिला ऐकू आलं नव्हतं, पण सगळे बोलले असणार ह्याची तिला खात्री होती.

उत्तराताईंनी निकाल दिला की कुणालाही कुठे पाठवायचं नाही आणि ट्यूब पुन्हा लावायची. बाळा आला. ‘ह्या खेपेला बिघाड काय आहे?’ त्याने विचारलं. सामंतसाहेब म्हणाले, ‘बिघाड माझ्यात होता.’ (म्हटलं ना, मनाने चांगले आहेत.) बाळाने ट्यूब लावली, आणि धर्माकाकांना उठावं लागू नये म्हणून बटण खाली आणून बाकाशेजारी बसवलं. हल्ली ‘निवांत’मध्ये फुंकर म्हणजे सामंतसाहेब. ती खूण आता त्यांनाही येते. जाता जाता धर्माकाकांकडे बघून गाल फुगवतात आणि दिवा न घालवता पुढे जातात. तुमचं नाव असं मुलुंडपर्यंत पोचलं आहे.

असो. पत्र फार लांबलं. शिमग्याला माझ्या वाटचा नारळ देवाला ठेवा. खोकल्याला ज्येष्ठमध चघळा. मामीला नमस्कार, वासराला गोंजारणं.

उत्तराच्या वाटेवर अजून चालत असलेली,
तुमची अनुपमा

ता. क. — उत्तर राहिलंच. आई शिमग्याला येत नाही. आणि कायमची तर नाहीच. सुंदराबाईंच्या शेजारची खाट रिकामी झाली आहे आणि गुढीपाडव्याला आई ‘निवांत’मध्ये राहायला जाणार आहे. (खुर्चीत आहात ना?) संध्याकाळी दिवा लागतो, गप्पा रंगतात, आणि नेमकं तेव्हाच तिला परतीची बस धरावी लागते, आणि माझी एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी असली की मी घरी येईपर्यंत ती खोलीत एकटी असते. तरी मी खूप विनवलं. लोक म्हणतील, पोरीने आईला आश्रमात टाकलं. ती म्हणाली, टाकलं कसं, मी बसने जातेय. मामा, माझं मागणं एवढंच आहे. पाडव्याला तुम्ही या. तिचं लग्न झालं तेव्हा तिला सासरी पोचवायला तुम्हीच आला होतात. आता इथेही तुम्हीच पोचवा. तुम्ही तिची पेटी उचललीत तर कुणी काही म्हणणार नाही, आणि मलाही झोप लागेल.

ता. क. दुसरा — आज दुपारभर बसून मी हे सगळं पत्र आईला खुणांनी वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढं कशाला लिहिलंस, लवू दुसऱ्या पानावर चष्मा पुसायला घेईल आणि तिसऱ्यावर झोपेल. खरं म्हणजे तिने मला चारच ओळी लिहायला सांगितल्या होत्या. बाकी सगळं मीठ माझं आहे, आणि आपल्या घरात मीठ घालायचं नाही, म्हणून तिच्या ओळी जशाच्या तशा देते:

‘लवू, मी विचारत नाहीये, सांगतेय. तुझ्या घरात माझ्याशी बोलणारा तू एकटा, आणि तूही हरायला लागलास की दिवा घालवतोस. रागावला असशील तर पत्रातून रागावू नकोस, इथे ये, समोर बस आणि भांड. व्हरांड्यात नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, आणि बटण माझ्या बाजूला आहे.’